कोर्टात न चालणारी कलमं

दिल्ली, शुक्रवार, १९ नोव्हेंबर १९४८

दहा वाजत आलेत. कॉन्स्टिट्यूशन हॉलच्या प्रेक्षक सज्जात तुम्ही कठड्यालगतची जागा धरली आहे. कौन्सिल हाऊसचं हे दालन मुळात ग्रंथालयासाठी बांधलेलं. आता इथे देशाची राज्यघटना लिहिली जातेय. खाली सभासद बाकांवर येऊन बसताहेत. खादीच्या टोप्या, बंद गळ्याचे कोट, खांद्यावर शाली. अध्यक्ष राजेंद्रप्रसाद आज नाहीत, खुर्चीत उपाध्यक्ष एच. सी. मुखर्जी आहेत. समोर कागदांचा ढीग घेऊन बसलेत ते कायदामंत्री डॉ. आंबेडकर.

तुमच्या हातात मसुद्याची प्रत आहे. आज चौथ्या भागाची पाळी. मसुद्यात ही कलमं २८ ते ४० आहेत. शाळेत तुम्ही पाठ केलीत ती ३६ ते ५१, राज्याच्या धोरणाची मार्गदर्शक तत्त्वं. आता परीक्षा नाही, निवांत वाचा. स्त्री-पुरुष सगळ्यांना उपजीविकेचं पुरेसं साधन. समान कामाला समान वेतन. संपत्ती मोजक्या हातांत साठू नये अशी अर्थव्यवस्था. काम मिळण्याचा हक्क. बेकारी, म्हातारपण, आजारपण यांत सरकारची मदत. बाळंतपणातली सवलत. कामगाराला माणसासारखं जगता येईल एवढं वेतन. मुलांना मोफत, सक्तीचं शिक्षण. वाचताना छाती भरून येते. मग कलम २९ येतं, आजचं कलम ३७. या भागातलं काहीही कोणत्याही न्यायालयाकडून अंमलात आणून घेता येणार नाही. तरी देशाचा कारभार चालवताना ही तत्त्वं मूलभूत असतील आणि कायदे करताना ती लागू करणं हे राज्याचं कर्तव्य असेल.

म्हणजे कर्तव्य आहे, पण चुकवलं तर दाद मागायला जागा नाही. सज्जात तुमच्या शेजारी बसलेले गृहस्थ हळूच हसतात. खाली तेवढं हळू कोणी बोलत नाही. मुंबई विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवलेले के. टी. शहा उठतात. त्यांची दुरुस्ती अशी की, ही तत्त्वं म्हणजे राज्याची नागरिकांशी असलेली बांधिलकी मानावी आणि ती अंमलात आणून घेण्याची काही तरी व्यवस्था असावी. आहे त्या स्वरूपात हा भाग म्हणजे बँकेला सवड होईल तेव्हा वटवायचा चेक आहे, असं ते सुनावतात. याच चर्चेत थोड्या दिवसांनी टी. टी. कृष्णम्माचारी या भागाला भावनांची कचराकुंडी म्हणतील, ज्याला जे आवडतं ते त्याने इथे आणून टाकावं अशी.

आंबेडकर उत्तर द्यायला उभे राहतात तेव्हा तुम्ही पुढे वाकता. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: पुढच्या कायदेमंडळांनी आणि सरकारांनी या तत्त्वांची नुसती तोंडदेखली पूजा करावी असा या सभेचा हेतू नाही, त्यांच्या प्रत्येक कृतीचा हा पाया असावा. आर्थिक लोकशाही हे ध्येय पक्कं, पण तिथे पोचायचे रस्ते अनेक. कुणाचा व्यक्तिवादावर विश्वास असेल, कुणाचा समाजवादावर. लोकांनी ज्याला निवडलं त्याने आपला रस्ता धरावा; घटनेने एकच रस्ता बांधून देऊ नये.

पंधरा दिवसांपूर्वी, ४ नोव्हेंबरला मसुदा मांडताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. सत्तेवर येणाऱ्याला या सूचना मोडल्याबद्दल कोर्टात जाब द्यावा लागणार नाही, पण निवडणुकीत मतदारांपुढे द्यावाच लागेल. शहांची दुरुस्ती नामंजूर होते.

दादर, मार्च १९४७

दीड वर्ष मागे या. हिंदू कॉलनीतलं राजगृह, आंबेडकरांचं पुस्तकांनी भरलेलं घर. ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे संविधान सभेसाठी तयार केलेलं निवेदन उघडा. इथे तेच आंबेडकर काही निराळं मागताहेत. मूलभूत उद्योग सरकारी मालकीचे असावेत, विमा सरकारी, शेतजमीन राज्याची आणि ती गावकऱ्यांनी सामुदायिकपणे कसायची. हे सारं घटनेतच लिहिलेलं हवं, कारण साध्या कायद्याने आणलेला समाजवाद पुढचं बहुमत साध्या कायद्यानेच काढून टाकेल. आणि मुदतही आहे: राज्यघटना लागू झाल्यापासून दहाव्या वर्षाच्या आत.

दिल्लीत रस्ते मोकळे ठेवा म्हणणारा माणूस दादरमध्ये रस्ताही बांधून देतो आणि मुदतही घालतो. ही विसंगती आहे, असं पटकन म्हणू नका. १९४७चं निवेदन एका पक्षाचं होतं. १९४८चा मसुदा ज्या सभेत मंजूर करून घ्यायचा होता, तिथे जमीनदारांचे मित्र होते, गांधीवादी होते, समाजवादी होते, संस्थानिकांचे प्रतिनिधी होते. सगळ्यांना ध्येय चालत होतं, मुदत मात्र थोड्यांनाच.

या कल्पनेचा माग धरलात तर १९३७च्या आयर्लंडमध्ये पोचाल. तिथल्या राज्यघटनेच्या ४५व्या कलमात सामाजिक धोरणाची तत्त्वं आहेत. ती संसदेच्या मार्गदर्शनासाठी आहेत, न्यायालयांनी त्यांत लक्ष घालायचं नाही. साचा तिथून आला. त्यात ओतलेला माल मात्र पुष्कळसा इथलाच, १९३१च्या कराची काँग्रेसच्या ठरावातला: जगण्यापुरती मजुरी, मोफत प्राथमिक शिक्षण, कामगार बायकांना संरक्षण.

दिल्ली, २२ ते २५ नोव्हेंबर १९४८

पुन्हा सज्जात या. सोमवारी ग्रामपंचायतींचं कलम येतं. मसुद्यात गाव कुठेच नाही म्हणून गांधींना मानणारे सभासद नाराज आहेत. आणि याच आंबेडकरांनी ४ तारखेला गाव म्हणजे संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं डबकं आहे अशा अर्थाचं सडेतोड बोलून त्यांना दुखवलं आहे. के. संतानम दुरुस्ती मांडतात: राज्याने ग्रामपंचायती स्थापाव्यात आणि त्यांना स्वराज्याचे घटक म्हणून काम करता येईल असे अधिकार द्यावेत. आंबेडकर वाद घालत नाहीत, दुरुस्ती स्वीकारतात. आजचं कलम ४०.

मंगळवारी शिक्षण. ‘प्रत्येक नागरिकाला हक्क आहे’ अशी सुरुवात असलेलं वाक्य लक्ष्मीकांत मैत्र यांच्या दुरुस्तीने बदलतं. हक्क गळतो, ‘राज्य प्रयत्न करील’ येतं. मग नझिरुद्दीन अहमद म्हणतात, चौदा वर्षांपर्यंत कशाला, प्राथमिकपुरतंच ठेवा. आंबेडकरांचं उत्तर टिपून ठेवा. चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात, खाणीत कामावर ठेवायला आपण बंदी घालतो आहोत. मग तेवढं वय होईपर्यंत ते मूल शाळेत असलं पाहिजे. कामावरून उठवलेल्या मुलाला बसायला बाक हवा, इतका साधा हिशेब. आणि या कलमात मुदत आहे: राज्यघटना लागू झाल्यापासून दहा वर्षं. आजचं कलम ४५.

बुधवारी दारूबंदी, आणि सभागृहाला खरा रंग चढतो. कोल्हापूरहून आलेले प्रा. बाळासाहेब खर्डेकर व्यक्तिस्वातंत्र्याची बाजू घेऊन बंदीला विरोध करतात. आदिवासींचे नेते, ऑलिंपिकच्या हॉकी संघाचे एके काळचे कप्तान जयपाल सिंग म्हणतात की, तांदळाची हंडिया आमच्या पूजेअर्चेचा भाग आहे. दिवसभर पाण्यात उभं राहून भाताची लावणी करणाऱ्या संथाळांना ती मिळाली नाही तर लावणी होणारच नाही. मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर बंदीच्या बाजूने उभे राहतात. कलम मंजूर होतं, मुदतीविना.

त्याच दिवशी न्यायखातं आणि प्रशासन वेगळं करण्याचं कलम मांडलं जातं. त्यात तीन वर्षांची मुदत आहे. दुसऱ्या दिवशी, २५ तारखेला आंबेडकर स्वतःच ती मुदत काढून घेतात. आता हातातली प्रत चाळा. अख्ख्या चौथ्या भागात तारखेला बांधलेलं एकच कलम उरलं आहे, मुलांच्या शाळेचं.

मुंबई राज्यातलं एक गाव, २६ जानेवारी १९६०

मंगळवार. शाळेच्या ओसरीवर झेंडा लागला आहे, मुलं प्रभातफेरी काढून आली आहेत. गुरुजी खाऊ वाटताहेत. ओढ्याच्या पलीकडे तुम्हाला नऊ-दहा वर्षांची मुलगी दिसते, कडेवर धाकटा भाऊ, पुढे दोन शेळ्या. ती थांबून झेंड्याकडे बघते आणि शेळ्यांमागे निघून जाते.

आज दहा वर्षं पुरी झाली. घटनेने स्वतःला घालून घेतलेली मुदत संपली. वर्षभरात जनगणना होईल आणि देशात पाच वर्षांवरच्या शंभरांतल्या साधारण अठ्ठावीस माणसांना लिहितावाचता येतं असं निघेल. या मुलीच्या बापाने उद्या वकील गाठला तरी वकील त्याला कलम ३७ दाखवील आणि चहा पाजून परत पाठवील.

त्याच गावात दारूबंदीची मात्र कडक अंमलबजावणी आहे. मुंबई सरकारने १९४९मध्ये दारूबंदीचा कायदा केला आणि १९५०च्या एप्रिलपासून संपूर्ण बंदी आणली. पोलीस आहेत, धाडी आहेत, शिक्षा आहेत. त्या कायद्याची खूण तुमच्या काळातही आहे, बारच्या पाटीवर ‘परमिट रूम’ लिहिलेलं असतं ती. एकाच भागातली दोन कलमं, दोन्ही कोर्टात न चालणारी. मुदत असलेलं पडून राहिलं, नसलेलं दोन वर्षांत अंमलात आलं. फरक कलमांच्या शब्दांत नव्हता. दारूबंदी सत्तेवरच्या माणसांना मनापासून हवी होती, आणि ती मोडणाऱ्याला काय होईल हे त्यांनी कायद्यात लिहून ठेवलं होतं. मूल शाळेबाहेर राहिलं तर सरकारला काय होईल, हे कुणीच कुठे लिहिलं नव्हतं.

तासगाव तालुका, मे १९७३

ऊन असं की सावली शोधायला झाडच नाही. पाझर तलावाच्या भरावावर माणसांची रांग लागली आहे. टिकाव, खोरी, डोक्यावर मातीच्या पाट्या. खालच्या अंगाला बायका खडी फोडताहेत. हातोडी पडली की कपच्या उडतात, म्हणून प्रत्येकीने पदर डोळ्यांवर ओढून घेतलाय. काटक्यांच्या तिकाटण्याला झोळी, झोळीत मूल. दुपारी सुकडी वाटतात. घरून आणलेली भाकरी लाल आहे, रेशनवरच्या मिलोची, परदेशातून आलेल्या ज्वारीची. ती थापताना तुटते आणि खाताना घशात अडकते, पण आहे.

दुष्काळ सलग दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा आहे. याच महिन्यात महाराष्ट्रभर अशा कामांवर सुमारे पन्नास लाख माणसं आहेत. मुख्यमंत्री वसंतराव नाईक आहेत, तहसील कचेऱ्यांवर ‘काम द्या’ म्हणून मोर्चे जाताहेत.

एक बाई हातोडी थांबवून तुमच्याकडे बघते.

“कुठनं आलायसा? सायबाकडनं काय?”

तुम्ही नाही म्हणता.

“मग काय उपेग? गेल्या आटवड्याचं माप घ्याला कोण आलं न्हाई. माप न्हाई तर पगार न्हाई.”

“काम बंद झालं तर काय करणार, मावशी?”

“बंद कसं करत्यात? समद्या जणी तालुक्याला जाऊन बसू की. कुटं जात्यात त्ये?”

मुकादम हाक मारतो. ती पदर सारखा करून पुन्हा बसते. कामाच्या हक्काचं कलम ४१ तिने ऐकलेलं नाही. त्या कलमाची सगळ्यात पक्की अंमलबजावणी मात्र तिच्यासारख्यांच्या तालुक्याला जाऊन बसण्यातून होणार आहे.

याच तालुक्यातलं विसापूर हे वि. स. पागे यांचं गाव. ते गांधीविचारातले, वारकरी वळणाचे, आणि या वेळी विधान परिषदेचे सभापती. गावातल्या माणसाला दान नको, काम हवं आहे, आणि ते मागितल्यावर मिळालंच पाहिजे, ही त्यांची धारणा. साठच्या दशकात या तालुक्यात तिचा छोटा प्रयोग होऊन गेला. दुष्काळाने त्या प्रयोगाला राज्याएवढं रूप दिलं: रोजगार हमी योजना.

चार वर्षं पुढे सरका आणि १९७७चा रोजगार हमी कायदा वाचा. प्रस्तावनेतच कलम ४१ आहे. ग्रामीण भागातल्या कुठल्याही प्रौढ माणसाने अंगमेहनतीचं काम मागावं. सरकारने पंधरा दिवसांत ते द्यावं. देता आलं नाही तर बेकारी भत्ता द्यावा. २६ जानेवारी १९७९पासून हा कायदा लागू झाला. पैसा उभा करायला १९७५पासून शहरातल्या नोकरदार-व्यावसायिकांवर कर बसवला होता, आणि जितका कर जमा होईल तितकीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची होती. तुमच्या पगाराच्या स्लिपवर दरमहा दोनशे रुपयांची ‘व्यवसाय कर’ नावाची कपात दिसते ना? हा तोच कर. मुंबईच्या कचेरीतला कारकून तासगावच्या बांधावरच्या बाईला त्या ओळीने बांधला गेला.

या कायद्याची कारागिरी जरा जवळून बघा. कलम ४१ म्हणतं, राज्याने आपल्या आर्थिक ताकदीच्या मर्यादेत कामाचा हक्क मिळवून द्यावा. शहांची ‘सवड होईल तेव्हा’ ती हीच. पागे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सवडीची वाट बघितली नाही. मुदत घातली ती राज्याला एकदाच घालायची दहा वर्षांची नव्हती; प्रत्येक अर्जाबरोबर नव्याने सुरू होणारी, पंधरा दिवसांची होती. जबाबदार ठरवला, जिल्हाधिकारी. आणि मुदत चुकली तर सरकारच्या खिशातून पैसे जातील अशी तजवीज केली. भत्त्याची रक्कम किरकोळ होती आणि प्रत्यक्षात तो क्वचितच दिला गेला. मस्टरवर खोटी नावं चढली, मापात चोरी झाली, कामं निकृष्ट झाली. त्यावर विधिमंडळात वर्षानुवर्षं गदारोळ झाला. पण गदारोळ होऊ शकला, कारण काय द्यायचं ठरलं होतं ते कागदावर होतं. तालुक्याला जाऊन बसणाऱ्या बायकांच्या हाती आता विनवणीऐवजी अर्जाची पोच होती. २००५ साली केंद्राने देशभरासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा पंधरा दिवस आणि भत्ता, दोन्ही उचलले.

दिल्ली, १९७३ ते १९८०

तासगावात माती वाहिली जात असतानाच दिल्लीत, २४ एप्रिल १९७३ला, सर्वोच्च न्यायालयाच्या तेरा न्यायाधीशांनी केशवानंद भारती खटल्याचा निकाल दिला आहे. सात विरुद्ध सहा. घटनेची मूलभूत चौकट संसदेला मोडता येणार नाही हे त्यातलं प्रसिद्ध सूत्र. आपल्या कामाची गोष्ट निराळी: संपत्तीचं केंद्रीकरण रोखणाऱ्या तत्त्वांसाठी केलेल्या कायद्यांना समतेच्या आणि स्वातंत्र्याच्या काही हक्कांपासून दिलेलं संरक्षण न्यायालयाने टिकवलं. १९५१मध्ये चंपकम दोराईराजन खटल्यात हेच न्यायालय म्हणालं होतं की, मार्गदर्शक तत्त्वांनी मूलभूत हक्कांच्या हाताखाली राहावं. बावीस वर्षांत तत्त्वांचं वजन वाढलं.

मग १९७६. आणीबाणी. विरोधी नेते तुरुंगात आहेत आणि ४२वी घटनादुरुस्ती येते. तिने चौथ्या भागात चांगली भर घातली: गरिबाला मोफत कायदेशीर मदत, उद्योगाच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग, पर्यावरणाचं रक्षण. त्याच दुरुस्तीने असंही ठरवलं की, कुठल्याही मार्गदर्शक तत्त्वासाठी केलेल्या कायद्याला समतेच्या किंवा स्वातंत्र्याच्या हक्काखाली आव्हान देता येणार नाही. गरिबांचं नाव घेऊन बोलणाऱ्याचं तोंड बंद करायची सोय. तत्त्वांना दात हवेत असं तासगावात तुम्हाला वाटलं असेल, तर ते दात कुणाला लागू शकतात हे इथे बघून घ्या. १९८०मध्ये मिनर्वा मिल्स खटल्यात न्यायालयाने ही तरतूद चार विरुद्ध एक मतांनी रद्द केली. सरन्यायाधीश पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड. हक्क आणि तत्त्वं यांतला तोल हाच घटनेच्या मूलभूत चौकटीचा भाग आहे, असं त्यांनी लिहिलं.

मुंबई, जुलै १९८१

तुळशी पाइप रोडचा फुटपाथ. पाऊस कोसळतोय. गोणपाट, पत्रा, प्लास्टिक यांची घरं महापालिकेच्या माणसांनी पाडली आहेत. भांडी, स्टोव्ह, मुलांची दप्तरं ओल्या ढिगात पडली आहेत. कडेला एस.टी.च्या बस उभ्या आहेत. फुटपाथवरच्या माणसांना मुंबईबाहेर, आपापल्या गावी धाडायचं असं मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी जाहीर केलं आहे. काहींना बसमध्ये चढवलंही आहे. एक माणूस बस सुटायच्या आत उतरतो. गावी जाऊन खायचं काय, हा त्याचा प्रश्न आहे. गावात काम असतं तर तो इथे पावसात झोपलाच नसता.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. पत्रकार ऑल्गा टेलिस यांच्या नावाने तुम्ही ते ओळखता. १० जुलै १९८५ला पाच न्यायाधीशांचा निकाल आला, लिहिणारे पुन्हा चंद्रचूड. जगण्याचं साधन काढून घेतलं की जगणंच काढून घेतलं जातं. म्हणून कलम २१च्या जीविताच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. या अर्थाला आधार म्हणून त्यांनी उपजीविकेच्या साधनाचं कलम ३९ आणि कामाच्या हक्काचं कलम ४१ पुढे केलं. कोर्टात न चालणारी कलमं मागच्या दाराने कोर्टात आली, एका हक्काचा अर्थ लावायला.

पुढचं पानही वाचा. फुटपाथ हा चालण्यासाठी आहे, रीतसर नोटीस देऊन तो मोकळा करता येईल, फक्त पावसाळा जाईपर्यंत, ३१ ऑक्टोबर १९८५पर्यंत थांबा, असंही हाच निकाल सांगतो. १९७६च्या मोजणीत ओळखपत्रं मिळालेल्यांना पर्यायी जागा द्यायला सांगितली. बाकीच्यांना उपजीविकेचा हक्क मिळाला आणि डोक्यावरचं प्लास्टिक गेलं. तासगावच्या बाईला पंधरा दिवसांनी काही तरी मागता येत होतं. या माणसाने कुणाकडे, काय आणि कधीपर्यंत मागायचं, हे निकालाने सांगितलं नव्हतं. न्यायालय तत्त्वाचा अर्थ उंचावू शकतं. त्याचं वेळापत्रक सरकारनेच आखायचं असतं, आणि ते आखून घ्यायला मागे लागणारा कुणी तरी असावा लागतो.

१९९३ आणि २०१०

इथून भरभर चला. ४ फेब्रुवारी १९९३, उन्नीकृष्णन खटला. न्यायाधीश नोंदवतात की, चौथ्या भागात मुदत असलेलं कलम ४५ एकच आहे आणि राज्यघटनेला चव्वेचाळीस वर्षं होत आली. चौदा वर्षांपर्यंतचं शिक्षण हा हक्क आहे, असं न्यायालय ठरवतं. २००२मध्ये ८६वी दुरुस्ती कलम २१-अ आणते, आणि १ एप्रिल २०१०पासून शिक्षण हक्क कायदा लागू होतो. ओढ्यापलीकडची ती मुलगी तेव्हा साठीच्या घरात असेल. या कायद्यात वस्तीजवळ शाळा आहे, किती मुलांमागे किती शिक्षक याचं प्रमाण आहे, खाजगी शाळांत पहिलीला पाव जागा दुर्बल घटकांसाठी आहेत. प्रवेश नाकारला तर कुठे तक्रार करायची, हे आई-बापांना कळतं. त्यामुळे त्या जागांवरून दरवर्षी भांडणं होतात. १९६०मध्ये भांडायला काही नव्हतं.

त्याच १९९३च्या २४ एप्रिलला ७३वी दुरुस्ती लागू झाली आणि संतानम यांच्या कलम ४०ला हाडामांसाचं शरीर आलं: दर पाच वर्षांनी निवडणूक, ती घ्यायला राज्य निवडणूक आयोग, एक तृतीयांश जागा बायकांना. तोपर्यंत कुठे निवडणुका वर्षानुवर्षं पुढे ढकलल्या जात, कुठे पंचायत बरखास्त करून प्रशासक बसत. गावाला घटनेत जागा १९४८मध्ये मिळाली होती. हिशेब द्यायची तारीख मिळायला चव्वेचाळीस वर्षं लागली.

आज, तुमच्या दारात

प्रवास संपला. आता १९४८च्या शुक्रवारी सज्जात हसलेल्या त्या गृहस्थांना काय सांगाल? शहांचं खरं होतं; बँकेने चेक पुष्कळदा परत पाठवला. आंबेडकरांचंही खरं होतं. चेक वटला तिथे तो मतदारांनी वटवून घेतला, पण प्रत्येक वेळी त्यावर कुणी तरी आधी तारीख घातली, कुणाचं तरी नाव लिहिलं आणि न वटल्यास काय, हे ठरवून घेतलं. या तिन्ही गोष्टी नसल्या की तत्त्व भाषणापुरतं उरतं. नुसती तारीखही पुरत नाही, हे कलम ४५ने दाखवलं. आणि नागरिकाचं तोंड बंद करून तत्त्व राबवू पाहणाऱ्या सरकारला तत्त्व नको असतं, मोकळा हात हवा असतो. १९७६ने ते दाखवलं.

अजून पुष्कळ कलमं वाट बघताहेत. कलम ४३ घ्या. कामगाराला निर्वाह वेतन, बरं राहणीमान, फुरसत आणि सांस्कृतिक जीवनाची संधी. देशाने १९४८मध्येच किमान वेतनाचा कायदा केला. किमान आणि निर्वाह यांतलं अंतर मात्र कुणी तारखेला बांधलेलं नाही. तुमच्या सोसायटीतला रखवालदार बारा तासांची पाळी करतो, त्याची फुरसत कोणत्या कलमात आहे हे आता तुम्हाला माहीत आहे. त्याला पगार देणाऱ्यांत तुम्हीही आहात, तेव्हा पहिला हिशेब सोसायटीच्या सभेतच मांडा.

दुसरा हिशेब निवडणुकीतला. मतं मागायला कुणी दारात आला की जाहीरनामा हातात घ्या आणि विचारा: निर्वाह वेतन किती धरलंय, कोणत्या वर्षापर्यंत, कोणत्या मंत्र्याकडे ते खातं, आणि नाही झालं तर कामगाराला काय मिळेल? तो हसेल, घाईत असल्याचं सांगेल, ही कलमं कोर्टात चालत नाहीत असंही कदाचित म्हणेल. चालत नाहीतच. पण कलम ३७ने अडवलंय ते न्यायाधीशाला. मतदाराला त्यात कुठेही मनाई नाही.